दिग्रस ते पुसद, दमानं

१७ नोव्हेंबर, सोमवार

तनवीरचा आणखी एक अल्बम झाला. सोळावा की सतरावा, मी मोजणं सोडलं आहे. त्यानंही सोडलं असावं.

आज कॉलेजहून परतले तर हा दिग्रसच्या स्टँडवर माझी वाट बघत उभा. आधी हातात दोन पेरू ठेवले, मग माझा फोन मागून घेऊन त्यात फाइल टाकली. शुक्रवारी सगळ्यांसाठी येणार आहे, मला आधी, नेहमीसारखं. नाव 'दमानं'.

"प्रेरणा, या टायमाले तू म्हनलं तसंच केलं," तो म्हणाला. "दिग्रसच्या स्टँडवर बस हालली का लाव. पुसदच्या स्टँडवर शेवटचा शब्द येते. मी तीनदा बसून पाह्यलं."

मी काय म्हटलं होतं ते मला आठवेना. शाळेपासूनचा मित्र आहे, मी त्याला वर्षभर काही ना काही म्हणतच असते. बसचं मात्र खरं आहे. त्याचे सगळे अल्बम दिग्रस-पुसद एसटीच्या मापाने कापलेले असतात, कारण मी रोज त्या बसने नोकरीला जाते आणि तिथेच ऐकते हे त्याला माहीत आहे.

त्याच्या बँडचं नाव 'सरकी'. तिघं जण. तनवीर गिटार वाजवतो आणि गातो, अय्याज ड्रमवर, देवसिंग कीबोर्डवर. गफ्फारचाचांच्या, म्हणजे तनवीरच्या अब्बांच्या, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागे एक खोली आहे, तिच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून हे लोक सायकेडेलिक प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतात. ते काय असतं, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, एकेक गाणं पंधरा मिनिटांचं, ताल मध्येच बदलतो, गिटार विहिरीतून आल्यासारखी वाजते आणि शब्द कळले नाहीत तरी चालतं. बाबा म्हणाले, मग ग्रामसभेसारखंच झालं. आज जेवताना नवा अल्बम आल्याचं सांगितलं, तर पोळी मोडता मोडता म्हणाले, "रोज मरे त्याले कोन रडे."

चार वर्षांपूर्वी मी सरकीबद्दल फेसबुकवर लिहिलं, ते पुण्यामुंबईपर्यंत फिरलं आणि तिथून लोक यांना ओळखू लागले. आता पुण्याच्या एका वेबमासिकाने मलाच परीक्षणं लिहायला सांगितली आहेत. संपादकबाई चांगल्या आहेत, पण मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या की तुमच्या लिहिण्याला घरच्या तुपाचा वास येतो, एकदा मैत्री बाजूला ठेवून लिहून दाखवा. मला ते लागलं. अल्बमचं नाव वाचलं आणि तिथल्या तिथे ओळ सुचली: 'नाव दमानं, ऐकताना दमछाक.' बघू, जमते का वापरायला.

येताना बसमध्ये प्राध्यापकीच्या सेट परीक्षेचं व्याख्यान फोनवर ऐकलं. हे सर इतके सावकाश बोलतात की फोन सव्वापट वेगाने लावला तरच त्यांचं वाक्य माझ्या हयातीत संपतं. अर्धंच झालं. परीक्षा जवळ येते आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या बसला खिडकी मिळाली. सरांना अर्ध्यातच सोडलं, त्याच प्लेअरमध्ये तनवीरची फाइल उघडली आणि बस हलताच लावली, त्याने सांगितलं होतं तशी.

खरं लिहायचं तर आवडलं नाही. वाईट नाही, कोमट आहे. पुन्हा तेच धावणं. ड्रम ऐकून वाटतं, अय्याजच्या मागे कुत्रं लागलं आहे. तनवीरने आवाजावर काहीतरी यंत्राची करामत केली आहे, शब्दांच्या काठाला चिरकेपणा येतो. मध्ये देवसिंगने त्यांच्या तांड्यावरची एक लेंगी म्हटली आहे, होळीचं बंजारा गाणं. आजीकडून शिकलेली ती लेंगी मी त्याच्या तोंडून पूर्वी ऐकली होती, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. इथे तीही त्याने उरकून टाकली. आणि सगळ्यात शेवटी तनवीर नुसतं बोलतो, "उतर आता." का उतर, कशातून उतर, काही संदर्भ नाही.

पुसदच्या स्टँडपर्यंत पुरणार होता ना? घाट लागायच्या आधीच संपला. तीनदा बसून पाह्यलं म्हणे. उरलेला रस्ता शेजारच्या बाईंच्या पिशवीतल्या कोंबडीचं ऐकत गेले.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. आता ती ओळ वापरता येणार म्हणून मला आधी बरं वाटलं. तनवीरचं वाईट त्यानंतर वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षण पाठवलं. पाचपैकी अडीच तारे.

लिहिलं ते असं: सरकीला थांबता येत नाही, ना दोन अल्बमच्या मध्ये, ना दोन ठोक्यांच्या मध्ये. कलाकाराने एवढं सतत द्यायचं ठरवलं की देण्याची घाई ऐकू येते. शेवटी 'उतर आता' हे वाक्य आहे, ते निरर्थक आहे, पण श्रोता ते आनंदाने ऐकतो.

हे शेवटचं वाक्य लिहिलं. दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. चांगलं वाक्य आहे, त्याला मी काय करू.

पूर्वी यांचा प्रत्येक अल्बम तीन-चारदा ऐकल्याशिवाय मी लिहायला बसत नसे. या वेळी परत ऐकावं असं वाटत होतं, पण सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत आणि संपादकबाईंना आजच हवं होतं. मी मथळा 'कोमट' असा दिला होता. बाईंनी तो बदलून माझी दमछाकवाली ओळच वर टाकली. म्हणाल्या, आता आली तुमच्या लेखणीला धार. मला आनंद झाला, तरी परीक्षण पुन्हा उघडून वाचलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अल्बम आणि परीक्षण एकाच सकाळी आले.

लोकांचा प्रतिसादही थंडच आहे. म्हणजे मी एकटीच नाही, असं मनाला सांगत होते. पण खाली वाचत गेले तसं लक्षात आलं की निम्म्या लोकांनी अल्बम ऐकलेलाच नाही, नुसती माझी ओळ उचलली आहे. 'नाव दमानं, ऐकताना दमछाक' हे आज मी इतक्या ठिकाणी वाचलं की ती माझी आहे हे विसरायला झालं. एकाने लिहिलं आहे, वर्षाला दोन-तीन अल्बम काढायला हा काय भज्यांचा घाणा आहे का.

घाटंजीच्या भारत नावाच्या कुणीतरी मला लिहिलं, ताई, दमछाक कुठं होते? मले तर झोप लागली. मी उत्तर दिलं, भारतभाऊ, झोपेत ऐकलं की सगळंच दमानं वाटतं. त्यावर लोक पोट धरून हसले.

तनवीरचा एकच शब्द आला: "वाचलं." एरवी हा माणूस एवढे लांब आवाजी निरोप पाठवतो की मी त्यात भाजी चिरून घेते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी दुपारी नमाज झाली की तनवीर नव्या गाण्याचा एखादा तुकडा पाठवतो. सहा-सात वर्षांत ताप आला तरी चुकला नाही. आज काही आलं नाही. गेल्या शुक्रवारीही त्या एका शब्दाशिवाय काही नव्हतं.

आठवडाभर मी स्टँडवरून घरी येताना त्यांच्या दुकानाची गल्ली टाळून जिनिंग फॅक्टरीकडून वळसा घालते आहे. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, सगळ्या अंगावर धूळ येते. बाबांनी विचारलं, एवढ्या लांबून काहून येतं? मी म्हटलं, चालणं होतं. ते माझ्या चपलांकडे बघत राहिले.

स्वतःला सांगते आहे की परीक्षक म्हणून मी प्रामाणिक राहिले. मग हे मन का खातं आहे? प्रामाणिकपणाने असं व्हायला नको.

२९ नोव्हेंबर, शनिवार

स्टँडसमोरच्या चहाच्या गाडीवर अय्याजने मला गाठलं. रागावलेला होता, पण चहा मलाच पाजला.

त्याच्याकडून कळलं ते असं. तनवीरने अख्खा अल्बम पहिल्यापासून पुन्हा रेकॉर्ड करायचं काढलं आहे. जानेवारीत यवतमाळला यांचा पहिला मोठा कार्यक्रम आहे, तिकीट लावून, तोवर नवीन रूप तयार पाहिजे म्हणतो.

"तो म्हन्ते, प्रेरणाले अजूनही पळते वाटलं, म्हंजे अजून हळू करा लागते," अय्याज म्हणाला. "इतल्या हळू मले वाजवता येत नाई. दोन ठोक्याच्या मधात मानूस चहा पिऊन येईन. तूच सांग त्याले. तो तुह्याशिवाय कोनाचं आयकत नाई."

'अजून हळू' या शब्दांपाशी मी जरा अडखळले. पण अय्याज पहिल्यापासून गोष्टी फुगवून सांगतो. मी त्याला म्हटलं, बोलते मी तनवीरशी. आणि घरी आले, पुन्हा जिनिंगकडूनच.

८ डिसेंबर, सोमवार

बोलले नाही. रोज ठरवलं आणि रोज काहीतरी निघालं. आज कळलं की अय्याजने बँड सोडला. पुसदला त्याच्या मावसभावाचं लग्नातल्या साऊंडचं काम आहे, तिथे लागला. यवतमाळचा कार्यक्रम रद्द झाला.

देवसिंग आज बसमध्ये दिसला. मान हलवली आणि दुसरीकडे बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मी उभ्याने गेले.

एका परीक्षणाने बँड मोडत असेल तर तो मुळातच कच्चा असणार, असं मी पुसदपर्यंत घोकत होते. संपादकबाईंनी पुढच्या महिन्यासाठी दोन परीक्षणं मागितली आहेत. अजून होकार दिला नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

हे नीट लिहायचं आहे.

आमच्या मिक्सरची मोटार जळाली. खरंच जळाली, निमित्त काढलं नाही, पण निमित्त मिळालं म्हणून सुटल्यासारखं वाटलं. मिक्सर पिशवीत घालून तनवीरच्या दुकानी गेले. तो नव्हता, तांब्याची तार आणायला नागपूरला गेला होता. गफ्फारचाचा आत पडले होते. दुकानात तनवीरची अम्मी, जोहराखाला, एकट्याच, कोथिंबीर निवडत बसलेल्या. त्यांनी आ बेटी म्हणून स्टूल पुढे केलं. इतक्या दिवसांत काहून आली नाई, असं एकदाही विचारलं नाही.

कोपऱ्यातल्या जुन्या स्पीकरवर गाणं चालू होतं. गिटारचा एक सूर आला, तो विरेपर्यंत कुणी दुसऱ्याला हात लावला नाही. मग दुसरा आला. ड्रम इतके जपून होते की निजलेल्या माणसाच्या घरात कुणी भांडी ठेवतं आहे असं वाटावं. मग देवसिंगची लेंगी. प्रत्येक ओळीनंतर त्याचा श्वास ऐकू येत होता, त्याच्या आजीचा श्वासही असाच मोठा असणार. माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, बरं झालं, माझ्या लिहिण्याने एवढं तरी चांगलं झालं.

मी म्हटलं, "खाला, नवं रेकॉर्डिंग खूपच चांगलं झालं."

"नवं कायचं बेटी? अय्याज तर गेला, नवं कोन करन?" त्या म्हणाल्या. "हे तेच हाये, दमानं. पहिल्यापासून हेच. याच्या अब्बाचे पाय दुखते, हे लावलं का त्यायले झोप लागते."

मी फोन काढला. तनवीरची फाइल उघडली. स्पीकरवर चालू होती त्याच ओळीवर आणली. दोन्ही आवाज एकदम निघाले आणि माझा लगेच पुढे पळाला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सव्वापट होतं. सरांच्या व्याख्यानाला लावलेलं, ते तसंच राहिलं होतं.

घाट लागायच्या आधीच संपला होता. भारतला झोप लागली होती. अय्याजने 'अजून हळू' म्हटलं होतं. सगळे मला सांगत होते आणि मी त्यांना विनोद ऐकवत होते.

खालांनी विचारलं, पाणी देऊ का. मी नको म्हटलं आणि उठून आले. मिक्सर तिथेच राहिला.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळीच गेले. तनवीर खाली मांडी घालून मोटारीला तार गुंडाळत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: सरांचं व्याख्यान, प्लेअर, सव्वापट. फोनही दाखवला, साक्षीदार आणल्यासारखा.

तो आधी हसला. खरंच हसला, मान मागे टाकून. म्हणाला, "मी विचार करून राह्यलो होतो का हिले अजून कितलं हळू पायजे." मीही हसले. सुटले असं वाटलं मला, किती मूर्ख आहे मी.

मग तो हसायचा थांबला. म्हणाला, दमानं हा शब्द तुझाच होता. उन्हाळ्यात दुकानाच्या याच पायरीवर कुल्फी खात मी त्याला म्हटलं होतं की तुझी गाणी धापा टाकतात, एकदा दमानं घे ना. तेव्हापासून तिघांनी सहा महिने दुसरं काही केलं नाही. जुनी सवय मोडायला अय्याजने पायाला वीट बांधून ड्रमचा सराव केला. आता मला आठवलं. कुल्फी पिस्त्याची होती हेसुद्धा आठवलं.

"फोनचं जाऊ दे," तो म्हणाला. "फोन कोनाचाही चुकते. एक सांग. तू एकच डाव आयकलं काय?"

मी हो म्हटलं.

"आधी तीन-तीनदा आयकून लिहे तू. शिव्या देल्या तरी मले वाटे, हिनं आयकलं. म्हून तुह्यं खरं मानो मी."

मग तो पुन्हा मोटारीकडे वळला. तारेचे वेढे मोजायचे असतात, मध्ये बोललं की चुकतात. मिक्सर दुरुस्त करून ठेवला होता. खालांनी पिशवी हातात दिली.

घरी येऊन हे लिहिते आहे. वेगाची चूक फोनची होती हे मी त्याला सांगितलं. ओळ मला गाणी ऐकायच्या आधी सुचली होती, हे सांगितलं नाही. ते याच वहीत सतरा नोव्हेंबरला माझ्या अक्षरात आहे. अल्बम दीडपट वेगाने लावला असता किंवा उलटा लावला असता तरी मी तेच लिहिलं असतं. मला ऐकायचं नव्हतं, धार दाखवायची होती.

१५ डिसेंबर, सोमवार

संपादकबाईंना काल सगळं कळवलं. त्या म्हणाल्या, झालं गेलं, आता कोण वाचतंय. मग मी माझ्याच फेसबुकच्या पानावर लिहिलं. वेगाचंही आणि ओळीचंही. भारतभाऊंची नाव घेऊन माफी मागितली. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, बहुतेकांनी काहीच केलं नाही. ओळ पसरली होती तसं हे पसरत नाही.

सकाळी बसमध्ये बसले, वेग आधी दोनदा तपासला आणि बस हलताच 'दमानं' लावलं. मध्ये कुणाशी बोलले नाही. लेंगी आली तेव्हा बाहेर तूर पिवळी होती. पूर्वी जिथे सगळं संपलं होतं तिथे या वेळी शेवटचं गाणं नुकतं सुरू झालं होतं. ते घाटासाठीच केलेलं आहे. वळण आलं की अय्याज हात आखडता घेतो, गाडी सरळ झाली की सोडतो. तीनदा बसून पाह्यलं म्हणाला होता, ते यासाठी. रोज हा घाट उतरते मी. आज तो गाण्यात होता.

बस पुसदच्या स्टँडमध्ये वळली, ड्रायव्हरने ब्रेक लावला, आणि कानात तनवीर म्हणाला, "उतर आता."

मला म्हणाला. दुसऱ्या कुणाला नाही, त्या बसने त्याची गाणी ऐकत रोज मीच जाते. हे वाक्य मी निरर्थक म्हणून छापलं आणि वर विनोद केला. सगळे उतरले तरी मी बसून होते. कंडक्टर म्हणाला, मॅडम, पुसद.

कॉलेजात जाऊन आधी तनवीरला लिहिलं. लांबलचक. ओळ आधी सुचली होती हे लिहिलं. घाटाचं लिहिलं. अय्याजकडे मी स्वतः जाऊन बोलू का, यवतमाळच्या लोकांना फोन करू का, रविवारी घरी येऊ का, शुक्रवारचे तुकडे परत पाठवशील का, मला माफ करशील का. एकामागे एक सगळं विचारलं.

दिवसभर काही आलं नाही. परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा फोन वाजला. एकच शब्द होता.

"दमानं."

मी पुन्हा काही विचारलं नाही. फोन पिशवीत ठेवला आणि दिग्रस येईपर्यंत तशीच बसून राहिले.